अर्धा लाडू

माझ्या आईचा एकच नियम होता. हातचं कुणाचंही खावं, तोंडचं कुणाचंच नाही. लांज्याजवळ आमचं गाव. घरी पाणी प्यायचं ते वरून, तांब्याला ओठ लावायचा नाही. ताटाला लागलेला डाव परत टोपात घालायचा नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली, ही सवय मात्र सुटली नाही. लग्न होऊन डोंबिवलीला आले, तेव्हा माझ्या मोठ्या नणंदेने पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवून समजावलं की उष्टं-खरकटं हे सगळं जुनाट डोक्यातून आलेलं आहे आणि अशाच विचारांमुळे समाज मागे राहिला. त्या ठाण्याच्या एका शाळेत शिकवायच्या, पुढे मुख्याध्यापिका झाल्या. मी मान खाली घालून ऐकलं. माझ्या आईने कधी कुणाला दाराबाहेर बसवून वाढलं नव्हतं, एवढं मला सांगायचं होतं. सांगितलं नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही, आणि ताईंसमोर तर चारचौघं नसले तरी येत नाही.

याच ताई कोविडच्या पहिल्या वर्षी दुधाची पिशवी साबणाने धुवायच्या. वर्तमानपत्राला इस्त्री करायच्या. नोटा गच्चीत उन्हात घालायच्या आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून शेजारी खुर्ची टाकून बसायच्या. रोज फोन करून मला जंतू म्हणजे काय ते सांगायच्या. मी हो हो म्हणायचे. एवढं सगळं धुणाऱ्या बाईला तोंडातून तोंडात काय जातं ते कळलं असेल, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या लाटेत आमचे हे सापडले. आधीच छाती खराब. एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेली. कल्याणच्या दवाखान्यात सतरा दिवस ऑक्सिजनवर होते. घरी सोडताना डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेतलं. म्हणाले, "आजी, परत हा आजार झाला तर यांच्या फुफ्फुसांना झेपणार नाही. तुम्हीच सांभाळा." तेव्हापासून मी सांभाळते आहे. लग्नाला गेलो तर मागच्या खुर्च्यांवर बसवते, शिंकणारा माणूस दिसला की यांना पाणी आणायला पाठवते. लोक हसतात. आता साथ संपली असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं आहे, मी एकटीच त्या बैठकीला नव्हते.

मग ताईंची पंच्याहत्तरी आली. आधी टेंभी नाक्याजवळचा एक हॉल बघून ठेवला होता, पण त्यांच्या मुलाच्या ऑफिसातलं कुणीतरी आईबापांना क्रूझवर घेऊन गेलं होतं. झालं. हॉल राहिला आणि जहाज ठरलं. मुंबईहून निघायचं, गोव्यापर्यंत जायचं, परत यायचं, तीन रात्री. ताई, मुलगा, सून आणि आम्ही दोघं.

नको म्हणायचं माझ्या मनात होतं, पण यांचा चेहरा बघून गप्प बसले. हे सहा वर्षांचे असताना आई वारली, आणि मामा या दोघा भावंडांना रत्नागिरीहून बोटीने मुंबईला वडिलांकडे घेऊन आला. ताई अकरा वर्षांच्या. बोट लागली, हे रडायला लागले, जवळ एकच लाडू उरलेला. ताईंनी तो दातांनी अर्धा तोडला आणि उरलेला यांच्या तोंडात घातला. ही गोष्ट खरी आहे, आणि मला ती ऐकताना पहिल्यांदा रडू आलं होतं. पण चाळीस वर्षं प्रत्येक बारशाला आणि मुंजीला ती ऐकल्यावर माणसाचं पाणी आटतं. शिवाय लाडू बदलत गेला. मी लग्न होऊन आले तेव्हा तो कणकेचा होता, मध्ये बेसनाचा झाला, आणि ताई मुख्याध्यापिका झाल्या त्या वर्षापासून डिंकाचा आहे.

ठरलं असं की वाढदिवसाला जहाजावर तोच प्रसंग परत करायचा. केक नको, केक ही आपली पद्धत नाही. ताई लाडू दातांनी तोडणार, अर्धा भावाला भरवणार, आणि भाचा त्याचा व्हिडिओ काढणार. लाडू करायचे मी. रव्याचे, कारण डिंकाचा दातांना झेपत नाही. मी केले. आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत म्हणून भाच्याच्या बायकोने डबा औषधांच्या पिशवीत, ऑक्सिमीटरच्या खाली दडवला.

बंदरावर जाताना गाडीत भाचा खोकत होता. ताई म्हणाल्या, एसीचा खोकला. बंदरावर एक कागद भरून द्यायचा होता: ताप आहे का, खोकला आहे का, घरात कुणाला होता का. भाच्याने सगळ्यांचे कागद आपणच भरले आणि सरळ खालपर्यंत नाही नाही नाही करत गेला. चांगला इंजिनियर माणूस. कपाळाला ते यंत्र लावतील म्हणून तापाची गोळी आधीच घेतली होती, ते त्याच्या बायकोने मला नंतर सांगितलं. यंत्रवाल्या मुलीने माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "सगळे बरे आहात ना, काकू?" मी मान डोलावली. हा माझा भाग. तो दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

जहाज म्हणजे नुसतं झगझगीत हॉटेल. आमच्या खोलीची खिडकी उघडत नव्हती. ताईंनी गळ्यात फवाऱ्याची बाटली अडकवली होती. लिफ्टचं बटण, खुर्चीचे हात, जेवणाच्या काउंटरवरचे चमचे, सगळ्यावर फुसफुस. वाढणाऱ्या पोरांनी मास्क नाकावर नीट घेतला आहे का ते तपासायच्या, आणि एकाला त्यावरून इंग्रजीत झापलं. तो बिचारा सॉरी मॅडम करत राहिला. आणि मग त्याच टेबलावर, "हे बघ काय छान आहे," म्हणत आपल्या तोंडातला चमचा मुलाच्या पुडिंगमध्ये, मुलाचा सुनेच्या वाटीत. बाहेरच्या माणसाला जंतू असतात, घरच्याला एसी लागतो. त्या जहाजावर हजारभर माणसं असतील आणि रात्री नाचगाण्याच्या हॉलमध्ये निम्मी खोकत होती. कुणाला कोविड नव्हता. सगळ्यांना एसी लागला होता.

मी यांना मास्क लावून वरच्या मोकळ्या डेकवर घेऊन बसायचे. हे खूश. समुद्राकडे बघत बसायचे आणि कोकणातली बंदरं मोजायचे. त्यांना इतकं हसताना मी दवाखान्यातून आल्यापासून बघितलं नव्हतं, म्हणून मला आल्याचा पस्तावा करायलाही जीव होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाचा खोलीतून बाहेर आला नाही. बोट लागली असं ताई सांगत होत्या. दुपारी त्याची बायको डेकवर माझ्या शेजारी येऊन बसली. हे जरा लांब रेलिंगपाशी उभे होते. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मामी, तो घरी करायचा टेस्टचा किट होता ना पिशवीत, मी केली त्यांची. दोन रेघा आल्या."

मी विचारलं, मग डॉक्टरला सांगितलं का. जहाजावर डॉक्टर असतो. ती म्हणाली, सांगितलं तर आपल्या सगळ्यांना खोल्यांत बसवतील, उद्या आईंचा वाढदिवस आहे, एवढी वर्षं त्या वाट बघतायत. मग माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही कुणाला बोलणार नाही म्हणूनच तुम्हाला सांगितलं."

माझ्याबद्दल लोकांना एवढी एकच गोष्ट नक्की माहीत असते.

संध्याकाळी ताई खोकायला लागल्या. रात्री मी यांना सगळं सांगितलं. हे आधी ऐकून घेत होते, मग पाठ करून पडले. म्हणाले, "ताई पंच्याहत्तर वर्षांची झाली. तिने हात पुढे केला तर मी तोंड फिरवू? माझं काय व्हायचं ते होऊ दे." मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले होते ते तुम्हाला माहीत नाही. "माहीत आहे," म्हणाले. "दाराबाहेर बोलत होता तो. ऐकू येत होतं." आणि झोपले. मला वाटत होतं की एवढे दिवस ते ओझं मी एकटी वाहते आहे.

तिसऱ्या दिवशी पाच वाजता जेवणाच्या हॉलच्या एका कोपऱ्यात टेबल सजवलं. भाचा उठून आला, गोळी खाऊन, लाल डोळ्यांनी, मोबाइल हातात धरून. बाजूच्या टेबलांवरची माणसंही कौतुकाने वळली. जहाजावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी आधी गोष्ट सांगितली. या वेळी बोटीवर वादळही होतं. मध्ये दोनदा खोकल्या, उजव्या हाताची मूठ तोंडापुढे धरून. मग बाटलीतून दोन्ही हातांवर फवारा मारला, हात चोळले, त्याच हाताने लाडू उचलला, दातांनी तोडला आणि ओला अर्धा लाडू यांच्यापुढे धरला. हात अगदी स्वच्छ होते.

यांनी मास्क खाली केला.

मी म्हणाले, "यांचा उपास आहे."

कुणाचा आवाज आला म्हणून सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. माझ्याकडे सगळ्यात शेवटी.

"कसला उपास?" ताई म्हणाल्या. "सकाळी याने दोन आम्लेटं खाल्ली माझ्यासमोर."

भाचा हसला, शेजारचं टेबलही हसलं. माझे कान तापले, पण तोंड उघडलेलं होतं, ते मिटता येईना. म्हटलं, आत्तापासून आहे. टिटवाळ्याच्या गणपतीचा नवस आहे. हे दवाखान्यात होते तेव्हा मी बोलले होते, फेडायचा राहिला. टिटवाळ्याला जाऊन येईपर्यंत उपास.

ताईंचा हात अजून तसाच पुढे होता. म्हणाल्या, बरं, लाडू नको तर नको, केळं चालतं ना? आणि टोपलीतलं केळं घेऊन सोलायलाही लागल्या, म्हणजे आता केळं अर्धं तोडणार.

"केळं चालतं," मी म्हणाले. "पण कुणाच्या हातचं चालत नाही. स्वतः घेऊन खायचं."

असला नवस जगात नाही. हे माझ्याकडे बघत होते. मी आयुष्यात देवाच्या नावाने खोटं बोललेले नाही हे त्यांना ठाऊक, आणि आत्ता बोलते आहे हेही त्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं हे आता सगळ्यांसमोर सांगणार की ही बाई खोटं बोलते. बहिणीने उभ्या जन्माला पुरेल एवढं केलेलं, आणि बायकोने केलेलं कुणाला दिसण्यासारखं नव्हतं.

यांनी मास्क वर घेतला. "बाप्पाचं आहे, ताई," म्हणाले. "नाही कसं म्हणू?"

ताईंनी अर्धा लाडू बशीत ठेवला. मग व्हिडिओ चालू आहे हे विसरून म्हणाल्या, "चौथी शिकलेली बायको केली की हे असलं वाट्याला येतं." भाच्याने तेवढं पुढे व्हिडिओतून कापलं. उरला तो अर्धा लाडू त्यानेच खाल्ला. खाऊ दे, त्याला काय नवीन होणार होतं.

खोलीत आल्यावर हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रात्री हॉलमध्ये सुरमई होती. हे दोन केळी घेऊन वर डेकवर गेले आणि समुद्राकडे बघत एकटेच खात बसले. खोटा असला तरी नवस गणपतीच्या नावाचा होता, मोडायची त्यांची छाती नव्हती. मीही केळीच खाल्ली. मला कुणी विचारलं नव्हतं, पण एकट्याला उपाशी ठेवून मला घास गेला नसता.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी ठाण्याहून फोन आला. तिघांनाही निघाला. भाच्याला "परत" निघाला असं कुणी म्हटलं नाही, तिघांनाही जहाजावरच्या वाढणाऱ्या पोरांकडून आला असं ठरलं. त्यांचे मास्क नाकाखाली असायचे ना. ताईंना आठ दिवस ताप होता, दम लागला नाही, देवाची कृपा. यांची मी दोनदा टेस्ट करून घेतली. दोन्ही वेळा एकच रेघ. दुसऱ्यांदा बघितल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

उपास तोवर चालूच होता. मग मंगळवारी आम्ही रिक्षाने कल्याण गाठलं आणि पुढे टिटवाळ्याला गेलो. हे बराच वेळ हात जोडून उभे होते. मी गणपतीला सांगितलं की खोटं बोलले ते माझ्या नावावर धर, यांच्या नको. बाहेर आल्यावर यांनी स्वतःच बटाटेवडा घेतला, एक मला दिला आणि म्हणाले, "मिरची काढून टाक, तुला लागते." एवढं बोलले म्हणजे अबोला संपला.

पुढे हेच सगळ्यांना सांगायला लागले की मला बाप्पाने वाचवलं. ताईंना ते इतकं पटलं की बऱ्या झाल्यावर त्या मुलाबरोबर गाडीने टिटवाळ्याला जाऊन आल्या, आणि परतताना आमच्याकडे उतरल्या. सोफ्यावर बसायच्या आधी फुसफुस केलं. मला म्हणाल्या, तुझ्या त्या नवसाला मी हसले, पण श्रद्धेलाही शास्त्रीय आधार असतो बरं का. मग पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला, एक पेढा दातांनी अर्धा तोडला आणि उरलेला भावापुढे धरला. "आता तर उपास नाही ना तुझा?"

या वेळी माझ्याकडे नवस नव्हता.

"ताई," मी म्हणाले, "तो उष्टा आहे."

एक्केचाळीस वर्षांपूर्वी याच खोलीत त्यांनी मला तो धडा शिकवला होता. त्या माझ्याकडे नाही, यांच्याकडे बघत होत्या.

हे म्हणाले, "पुड्यातला दुसरा दे, ताई."

ताईंनी दुसरा दिला. हातातला अर्धा स्वतःच खाल्ला, आणि खोकल्या. "एसीचा आहे," म्हणाल्या.

आमच्याकडे एसी नाही.