रविवारी चार वाजता मुलं न्यायला येणारे काका

आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, राहणारे काका हे बदलापूरकडच्या जांभूळ गावापासून सोनिवलीपर्यंतच्या पट्ट्यातले सर्वांत सुखी नवरे आहेत. हे माझं मत नाही. ते स्वतःच रोज संध्याकाळी गॅलरीत बसून काकूंना सांगतात, आणि आवाज असा की बदलापुरात खोकले तर अंबरनाथचा माणूस पाण्याचा तांब्या घेऊन धावतो. हयात उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर म्हणून गेलेली. त्यामुळे दिसेल त्याला तिथल्या सिंधी शेठांसारखं 'साईं' म्हणायचं आणि कुठल्याही प्रश्नाला कात्री लावायची, या दोन सवयी अंगात मुरलेल्या. त्यांना मूलबाळ नाही. ते राहायला आले तेव्हा सोसायटीतल्या बायकांनी काकूंसाठी हळहळायची जय्यत तयारी केली होती. पण काकाच आमच्या दारात उभे राहून हळहळले, "दोन मुलं? अरेरे! मग साईं, तुम्ही नवरा-बायको भेटता कधी?"

मी हसलो, आणि घरात येताच हसू आटलं. कारण मी आणि बायको अकरा दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो. भांडण कशावरून, ते दोघांनाही आठवत नव्हतं. पण माघार कोण घेणार? सगळा कारभार मुलांमार्फत. "बाबांना सांग, ताट वाढलंय." "आईला सांग, भूक नाही." थोरली सहाची, धाकटा चारचा, दोघं स्वयंपाकघर ते हॉल फेऱ्या मारून वाळून चालली होती. शेवटी निरोप आला, "बाबांना सांग, मी रविवारी माहेरी चाललेय. परत कधी, ते विचारायचं नाही." बॅग दाराशी येऊन बसली.

रविवारी चारच्या ठोक्याला काका हजर. "मुलं द्या. कॅरम खेळतो, सातला परत."

"काका, आज जरा..."

"अकरा दिवस खालून भांडणाचा आवाज नाही, साईं! उसवलं की त्याच दिवशी शिवायचं. तुम्ही पोरांची सुई करून हवेत टाके घालताय."

मुलं वर गेली. दार लागलं. बायकोनं सवयीनं तोंड उघडलं, "बाबांना सांग..." आणि इकडेतिकडे बघितलं. सांगायला कोणी नव्हतं. मी म्हणालो, "सांगतो हं, भेटले की."

तिनं ओठ दाबले, पण हसू फुटलंच. हसता हसता रडली. मग आम्ही दोन तास असे कडाडून भांडलो की वर काकांनी समाधानानं आणखी एक डाव मांडला म्हणे. बॅग मीच माळ्यावर टाकली.

तेव्हापासून दर रविवारी चार ते सात मुलं वर. काकू कॅरमची राणी बेधडक चोरायच्या आणि मुलांनाही शिकवायच्या. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, स्वतःचं मूल हवंसं नाही वाटलं?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. "वाटलं की. खूप. दोघांनी एकत्र बसून रडून घेतलं, साईं. वेगवेगळं रडलो असतो तर फाटलो असतो."

बघता बघता मुलं मोठी झाली. यंदा थोरली नोकरीसाठी पुण्याला गेली, धाकटा हॉस्टेलला. पहिल्याच रविवारी चार वाजता बेल वाजली. दारात काका. "मुलं..." म्हणाले आणि थांबले. सवयीनं आलेला एवढा गडगडाटी माणूस आमच्या रिकाम्या हॉलकडे बघू लागला.

बायकोनं पायात चपला सरकवल्या. "काका, आज आम्ही आलो तर चालेल?"

त्यांनी डोळे पुसले आणि जिन्यातूनच अख्ख्या बदलापूरला ऐकू जाईल असं ओरडले, "अगं, बोर्ड मांड! आज मोठी मुलं येतायत!"