कासमभाईंची बिनबॅटरीची खोली

जन्मभर दुसऱ्यांच्या निबंधांवर तांबड्या शाईने खुणा करणाऱ्या बाईने साठी उलटल्यावर स्वतःच लिहायला बसावे, हे धाडस मला शोभत नाही. वाचकांनी क्षमा करावी. कासमभाईंविषयी दुसरे कोणी लिहिले असते, तर मी आनंदाने गप्प बसले असते.

कासमभाई जुन्नरचे चष्मेवाले. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप आणि तिच्यामागे जोडलेली दोन चाकांची पत्र्याची खोली, एवढा त्यांचा संसार. खोलीत निजण्यापुरते बाकडे, एक स्टोव्ह, भिंगांची पेटी आणि काळे पडदे. पन्नासच्या दशकात मंचर, घोडेगाव, ओझर असा ज्या गावचा बाजार, त्या गावी त्यांचा मुक्काम पडे. पडदे ओढले की अक्षरांच्या पाटीमागे दिवा लागे. पण त्या खोलीत बॅटरी नव्हती. बाहेर एक सायकल स्टँडवर उभी असे. तिच्या मागच्या चाकाला डायनॅमो टेकलेला, आणि त्याची तार पत्र्याच्या भोकातून आत गेलेली. डोळे ज्याचे तपासायचे, त्याच्याबरोबर आलेल्या माणसाने सायकलवर बसून पेडल मारायचे, असा त्यांचा शिरस्ता.

"एवढी जीप हाय, तिच्यातनंच तार घ्या की राव," असे कोणी म्हणे.

"आन उभ्या जीपला पेट्रोल तुमचा सासरा घालणार का?" कासमभाई हसत. मग आवाज खाली आणून सांगत, "बॅटरी आणली की संगतीचा माणूस रिकामा बसतो, भाऊ. रिकामा माणूस लई घाई करतो. 'दिसतंय म्हण आन चल,' म्हणतो."

ते खरे असल्याचे मी घोडेगावच्या बाजारात पाहिले आहे. आहुप्याहून चालत आलेली एक म्हातारी आत बसली होती आणि तिची सून कासोटा आवळून सायकलवर चढली होती. भोवतालचे पुरुष फिदीफिदी हसू लागले. कासमभाईंनी पडद्यातून डोके बाहेर काढले. "हसताय काय? तुमची सून चढंल का तुमच्यासाठी?" हसणे थांबले. सून मात्र पेडल मारता मारता ओरडली, "आत्याबाई, घाई नगा करू! सावकाश बघा!"

माझी स्वतःची तपासणी त्याआधीच, मंचरला होऊन गेली होती. माझे वडील, आप्पा, कांद्याच्या वखारीत तोलार होते. मापात आणि बोलण्यात सारखेच कडक. मला फळ्यावरचे दिसत नसे आणि तसे सांगण्याचा धीरही होत नसे. मी फळ्यावरचे उतरवून घेत नाही, अशी गुरुजींची तक्रार आली, तेव्हा आप्पांनी दिवाळीनंतर माझी शाळा बंद करायचे ठरवले. आईला माझ्या डोळ्यांची शंका आली आणि तिने फारच गळ घातली, म्हणून ते मला कासमभाईंकडे घेऊन आले.

"बघा एकदा," आप्पा म्हणाले. "डोळ्याला काय बी झालेलं न्हाई. ढोंग हाय सगळं."

"बघू की, तोलारभाऊ. बसा सायकलवर."

धोतर खोचून आप्पा बसले. दिवा लागला. कासमभाई एकेका ओळीवर काठी ठेवत गेले आणि मी प्रत्येक वेळी "दिसतंय" म्हणत गेले. पत्र्यापलीकडून आप्पांचा आवाज येत होता, "बघा! म्हणलं नव्हतं?" त्या आवाजापुढे मला दुसरे उत्तर सुचतच नव्हते.

कासमभाईंनी काठी खाली ठेवली. "तोलारभाऊ, दिवा मंद पडतोय. जरा जोरात व्हऊ द्या!" दिवा मुळीच मंद नव्हता. चाक घरघरू लागले, आप्पांना धाप लागली आणि त्यांचे बोलणे बंद झाले. तेव्हा कासमभाई माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि हलकेच म्हणाले, "आता त्येंच्यात बोलायला दम न्हाई, बेटी. खरं सांग."

"वरचं एकच अक्षर दिसतंय," मी म्हणाले आणि रडू लागले.

त्यांनी मला रडू दिले. मग भिंगामागून भिंग बदलत मला खालच्या ओळींपर्यंत आणले. शेवटी दारावरचा पडदा सारून ते म्हणाले, "आता भाईर बघ."

बाहेर आप्पा होते. घामाने थबथबलेले, गालावर मला तोवर कधीच न दिसलेला देवीचा व्रण, आणि नजर माझ्याकडे लागलेली.

"झालं, तोलारभाऊ. उतरा आता."

आप्पा उतरले नाहीत. धापा टाकत म्हणाले, "शेवटची वळ... ऱ्हायली का तिची? वाचू द्या."

मी आत वळून ती ओळ वाचली. शाळा बंद करण्याची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही.

शिक्षिका झाल्यावर मी जुन्नरला कासमभाईंना भेटायला गेले. खोली विटांवर टेकवून ठेवलेली होती आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांना आता केवळ उजेड-अंधार कळत होता. ते आत बाकड्यावर बसले होते. सायकल होती तिथेच होती. मी पदर खोचला, तिच्यावर बसले आणि पेडल मारू लागले.

"कोण मारतंय?" त्यांनी आतून विचारले.

"तोलारांची मुलगी."

त्यांनी दिव्याकडे तोंड वळवले. "जोरात नको," म्हणाले, "आज मला घाई न्हाई."

ती आमची शेवटची भेट. आता माझ्या घरी बटण दाबले की दिवा लागतो, आणि चष्मा पुसताना मला हटकून त्या चाकाची घरघर ऐकू येते. तुम्हाला पहिल्यांदा नीट दिसले, तेव्हा बाहेर सायकलवर कोण होते?