चौथ्या परिच्छेदावरचा चिमटा

रविवारी दुपारी मालविका आरामखुर्चीत लवंडते, तेव्हा अकरावीचं मराठीचं पुस्तक तिच्या मांडीवर उघडंच असतं. यंत्रांवरचा त्यातला एक लेख ती शिकवते त्या वर्गाला झेपत नाही. लेखक आधी तीन परिच्छेद यंत्रांना नावं ठेवणाऱ्यांचं म्हणणं मांडतो आणि मग ते खोडून काढतो. मुलं तिसऱ्यालाच थांबतात आणि लिहून मोकळी होतात, 'लेखकाला यंत्रं नकोत.' उद्या सारांश सांगून टाकायचा, असं तिनं ठरवलंय. वर्गात मोठ्यानं वाचणं तिनं सोडलंय, आई गेल्यापासून. दवाखान्यात ती आईच्या उशाशी बसून तिला वाचून दाखवत होती, तेव्हा आई म्हणाली, "पुरे, नको वाचूस." त्यानंतर आई काही बोललीच नाही.

डोळे जड होतात. बाल्कनीत आई कपडे वाळत घालतेय. बादलीतून निघतात ते मात्र लेखाचे परिच्छेद, ओले, पाणी गळणारे.

"बघतेस काय मालू? चिमटे दे."

दोरी आता वर्गातून जातेय, फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत.

"हे पहिले तीन कोणाचे?" आई विचारते. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला तोच आवाज.

"विरोधकांचे. मला कळतं गं, मुलांना कळत नाही."

"कसं कळेल? शेजाऱ्यांचे कपडे या लेखकानं नुसते धुऊन दिलेत, आणि तू सारांशात सगळ्यांचं एकच गाठोडं बांधणार. वाचून दाखव की. शेजाऱ्याचं शेजाऱ्याच्या आवाजात, त्याचं त्याच्या."

"तूच नको म्हणालीस."

दोरीखाली दवाखान्यातली खाट आहे, रिकामी. आई हात पुसते.

"म्हणजे माझंही अर्धंच ऐकलंस! घसा बसला होता तुझा. आधी पाणी पी, म्हणणार होते. दम पुरला नाही."

"खरंच?"

"हा चौथा धर. इथून तो स्वतः बोलतो. लाव चिमटा."

मालविका जागी होते. पुस्तकाच्या पानाला, चौथ्या परिच्छेदाशी, निळा चिमटा लावलेला आहे. बाल्कनीत टॉवेलचं एक टोक सुटून लोंबतंय. खुर्चीत लवंडण्याआधी आपणच चिमटा काढून आणला असेल. तिला आठवत नाही. चिमटा अजून ओलसर आहे.

ती उठून पेलाभर पाणी पिते आणि रिकाम्या घरात पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचू लागते, शेजाऱ्याच्या कुरकुरत्या आवाजात. चिमट्यापाशी आल्यावर आवाज बदलायचा आहे.