साडूंनी कॉम्प्युटर बदलला

परंड्यात माणूस मेल्याशिवाय देखणा होत नाही, आणि त्याला देखणा करणारा इसम नात्यानं माझा साडू लागतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. एसटी स्टँडच्या बाजूच्या गल्लीत त्यांचं फ्लेक्सचं दुकान आहे. ते लग्नपत्रिका करतात, वाढदिवसाचे फलक करतात, कुणी निवडून आलं तर अभिनंदनाचेही करतात. पण ही सगळी कामं ते जेवणावरून मध्येच उठावं लागल्यासारख्या चेहऱ्यानं करतात. त्यांचा जीव रमतो तो 'भावपूर्ण श्रद्धांजली'त. घरचे लोक सुजलेल्या डोळ्यांनी एखादा फोटो घेऊन येतात. तो बहुधा आधार कार्डावरचा असतो, नाहीतर लग्नाच्या घोळक्यातला, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या फेट्यामागं गेलेला. साडू तो फेटा हटवायचे, मागचा अर्धा चेहरा अंदाजानं पुरा करायचे, मान सरळ करायचे, रंग चांगला उजळायचे आणि शेवटी अंगात कोट घालायचे. जन्मभर बंडीवर वावरलेला माणूस चौकात निळ्या कोटात असा झळकायचा की हा मंत्री व्हायचा थोडक्यात राहिला असं वाटावं. एकदा तर मयताचा सख्खा मेव्हणाच फलकाखाली उभा राहून, कोण वारलं म्हणून शेजारच्या पानवाल्याला विचारत होता. मी हे साडूंना सांगितलं तेव्हा ते जरासुद्धा ओशाळले नाहीत. म्हणाले, "पाव्हणं, जिता हुता तवा कुणी बघितलं न्हाय त्याच्याकडं. आता थांबून बघत्यात का न्हाय?"

या कामापायी त्यांची नजर कायमची बिघडली होती. समोरच्याशी बोलता बोलता ते त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत मापं घेत असायचे. लग्नात गेले की नवरानवरीकडं पाठ करून म्हाताऱ्यांच्या रांगेचे फोटो काढायचे, आणि कुणी कारण विचारलं तर उपयोगी पडतील एवढंच सांगायचे. आमचे सासरे एकदा तापानं अंथरुणाला खिळले, तेव्हा आम्ही दोघे जावई भेटायला गेलो. मी मोसंबी नेली होती, साडूंनी कॅमेरा. त्यांनी औषधपाण्याची चौकशी केली, पायथ्याशी थोडा वेळ बसले आणि मग हळूच म्हणाले, "मामा, जरा उजेडाकडं तोंड करून बसता का?" सासऱ्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं ते साडू घराबाहेर पडेपर्यंत. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले, आणि माझी खात्री आहे की निव्वळ रागानं जगले.

हा सगळा कारभार ज्याच्यावर चालायचा तो कॉम्प्युटर दुकानाइतकाच जुना होता. डब्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलेलं आणि त्या उघड्या अंगावर टेबलफॅन लावलेला. उन्हाळ्यात गिऱ्हाईक घाम पुसत बसायचं आणि वारा कॉम्प्युटरला. तो बंद करायचा मान फक्त साडूंचा. बंद केला की ते त्याच्यावर ताईंची जुनी सुती साडी पांघरायचे. त्यात तालुक्यातली मेलेली माणसं गावावार फोल्डर करून ठेवलेली होती. वर्षश्राद्ध आलं, पुण्यतिथी आली की लोक रिकाम्या हातानं यायचे, फोटो आणायची गरजच नसे. कितीतरी घरांतले मूळ फोटो केव्हाच पावसात भिजून गेले होते, नाहीतर मोबाइल बदलताना. "एकदा माझ्याकडं आलेला माणूस पुन्ना जात न्हाय," असं साडू म्हणायचे.

मग पडद्यावर एक सूचना यायला लागली. कॉम्प्युटरच्या आतल्या सिस्टीमचा सपोर्ट आता संपणार होता, आणि नवी सिस्टीम या जुन्या डब्याला झेपणारी नव्हती. साडूंनी ती मला मोठ्यानं वाचून दाखवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सपोर्ट संपणार म्हणतंय. कवा हुता?" इतक्या वर्षांत कंपनीचा एक माणूस परंड्याला फिरकला नव्हता, जो आधार कधी दिलाच नाही तो काढून घेण्याची भाषा त्यांना कळत नव्हती. रोज सकाळी सूचना यायची आणि रोज सकाळी ते 'नंतर आठवण करा' दाबायचे, दारावर आलेल्या फेरीवाल्याला पुढं जा म्हणावं तसं.

त्यांची एकुलती एक मुलगी पुण्यात, कॉम्प्युटरच्याच कामात. तिला हे कळलं तेव्हा ती रेल्वेनं कुर्डुवाडीला उतरून तिथून बसनं घरी आली आणि तिनं वडिलांना नीट समजावलं. मशीन चालत राहील, पण यापुढं त्याच्या दाराकड्या कुणी दुरुस्त करणार नाही, ज्याला आत शिरायचं तो शिरेल. साडूंनी शांतपणे विचारलं, "इथं चोरायला काय हाय, बाळ? मेलेली माणसं?" नवा घ्यायला ते नाही म्हणत नव्हते; फक्त कधी घ्यायचा तेवढं ठरत नव्हतं. आधी लग्नसराई होती. मग गणपती मंडळांचे फलक आले. पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नसते. दसऱ्याला मुहूर्त चांगला होता, पण त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. खरं कारण त्यांनी मला एकट्याला सांगितलं. त्यांचा मराठी टायपिंगचा फॉन्ट आणि कोट चढवायचा प्रोग्रॅम, दोन्ही नव्या सिस्टीमवर चालत नव्हते. सगळं पहिल्यापासून शिकावं लागणार होतं, आणि या वयात गिऱ्हाइकासमोर चाचपडत बसायची त्यांना भीती वाटत होती. हे सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते. मुलीनं जाताना, निदान फोटो तरी उतरवून ठेवा म्हणून एक हार्ड डिस्क दिली. साडूंनी त्या डिस्कला हळदीकुंकू वाहिलं आणि देवघराशेजारच्या कपाटात ठेवली. निवांत वेळ मिळाला की करू म्हणाले.

सपोर्ट संपायची तारीख गेली. काहीच झालं नाही. कॉम्प्युटर सुरू होत होता, बंद होत होता, माणसं मरत होती आणि गोरी होत होती. साडूंना वाटलं, कंपनी हरली.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी ताईंचा मला कळंबला फोन आला. तुमच्या साडूंनी दुकान उघडलंय आणि नुसते बसून आहेत, तुम्ही या, असं त्या म्हणाल्या. मी शाळेत रजा टाकली आणि बार्शीमार्गे दुपारपर्यंत पोचलो. कॉम्प्युटर सुरू होता, पंखा फिरत होता. प्रत्येक फोटोच्या नावामागं विचित्र अक्षरं चिकटली होती आणि एकही फोटो उघडत नव्हता. पडद्यावर इंग्रजीत मजकूर होता की तुमच्या फायलींना कुलूप घातलंय, सोडवून हव्या असतील तर पैसे भरा. हे कुणाच्या पेन ड्राइव्हमधून आलं की इंटरनेटवरून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. साडू एकेका गावाचं फोल्डर उघडायचे, आत बघायचे आणि बंद करायचे. मी शेजारी बसलो. संध्याकाळ होईपर्यंत त्यांनी सगळा तालुका तसा बघितला.

बार्शीच्या दुरुस्तीवाल्यानं काही दिवस खटपट केली आणि डबा तसाच परत पाठवला. मुलगी पुन्हा आली. तिनं त्या हार्ड डिस्कचं नावसुद्धा काढलं नाही. नवा कॉम्प्युटर आणला, जोडून दिला, शेजारी बसून नव्या टायपिंगची पद्धत शिकवली आणि गेली. "वरडली असती तर बरं झालं असतं," साडू मला म्हणाले.

दुसरा कुणी असता तर गप्प राहिला असता. गिऱ्हाईक आलं की काहीतरी सांगता येतंच. साडूंनी मात्र स्कूटर काढली आणि गावोगाव जाऊन घरच्यांना सांगायला सुरुवात केली. दुखवट्याला जावं तसे जायचे. पांढरा शर्ट घालायचे, चप्पल लांब काढायचे, ओसरीवर बसून आधी पाणी प्यायचे आणि मग खालच्या आवाजात म्हणायचे, "आमच्याकडून तुमचे आण्णा गेले." लोक आधी गोंधळायचे, आण्णा जाऊन तर वर्षं झालेली. मग प्रकार ध्यानात आला की साडूंचीच समजूत काढायचे. एका घरी म्हातारीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही. एका ठिकाणी मयताचा भाऊ म्हणाला, "म्हंजी दोनदा गेला म्हणायचा." साडूंनी मान डोलावली. बाहेर आल्यावर ते चावी न लावताच स्कूटरला किका मारत राहिले.

एका रविवारी मी त्यांच्या मागं बसून नदीकाठच्या एका वाडीवर गेलो. तिथल्या बाईंचा नवरा मागच्या वर्षी वारला होता. त्याचा एकुलता एक फोटो साडूंकडं आला होता, आणि चौकातला फ्लेक्स उतरवल्यावर गोठ्याच्या छपरावर टाकला गेला होता, तो उन्हानं पार पांढरा पडला होता. बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. साडूंनी नेहमीच्या आवाजात सांगितलं. बाईंचे हात थांबले नाहीत. "जाऊ द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यो कोटातला माणूस माझा नव्हताच. वरीसभर आधी चौकात, मग गोठ्यावर त्येलाच बघितलं, आन् माझा खरा दिसायचाच बंद झाला. डोळं मिटलं तरी कोटच दिसायचा. आता दिसंल कदाचित." बोलण्यात राग नव्हता. त्यांनी आम्हाला ओंजळभर शेंगा दिल्या.

परत येताना साडूंनी ज्वारीच्या एका रानाकडेला स्कूटर थांबवली. मला वाटलं लघवीला थांबले असतील, पण ते हँडल धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "लई गोरं करत हुतो का वो म्या?"

"थोडं," मी म्हणालो.

"कुणी बोललं न्हाय कवा," ते म्हणाले, आणि आम्ही निघालो.

तेव्हापासून ते फोटो आला तसा ठेवतात. डोळा तिरळा असेल तर तिरळा, गालावर व्रण असेल तर व्रण. अर्धा चेहरा मिळाला तर अर्धाच. लोकांना हे आवडत नाही. आपला माणूस शेवटचा चौकात लागतो तेव्हा तो बरा दिसावा असं त्यांना वाटतं, आणि त्यांचंही काही चुकत नाही. स्टँडसमोर एक नवं दुकान निघालंय, तिथं हवा तो कोट मिळतो. गर्दी आता तिकडं असते. साडू नव्या कॉम्प्युटरवर एका बोटानं मराठी टाइप करत बसतात. जोडाक्षर अडलं की थांबतात, पुण्याला फोन लावतात आणि मुलीनं उचलला नाही तर ती उचलेपर्यंत तसेच बसून राहतात.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. ताई म्हणाल्या, हल्ली ते लग्नालासुद्धा जात नाहीत. दुपारभर आम्ही दुकानात बसलो. एक माणूस आला, दर विचारून गेला. निघताना साडू माझ्याबरोबर स्टँडवर आले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. नाहीतर त्यांचा निरोप पडद्यावरची नजर न हलवताच असायचा. बार्शीची बस लागली, मी चढलो, खिडकीशी जागा मिळाली. ते खाली खिडकीच्या गजाला हात लावून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "परत कवा येताय?" मी म्हणालो, आता उन्हाळ्याच्या सुट्टीतच जमेल.

"या," ते म्हणाले. "नुसतं बसू." मग कंडक्टरनं घंटी मारली, आणि ते गज सोडून मागं सरले.