केबलवरचा बाण

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही... आणि त्याहून कमी विश्वास केबलवर बाण छापून विकणाऱ्यांवर! मी राहतो रोह्याला, धाटावच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. जन्म वायरी जोडण्यात गेला. आवाजाचा करंट तारेत पुढे-मागे दोन्हीकडे धावतो, तिला कसली आलीय दिशा?

माझी ताई पेणजवळ जोह्याला असते. गणपतीचा कारखाना आहे. भाऊजी गेले आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तिच्या अंगावर पडली. गिऱ्हाईकं तोंडावर म्हणायला लागली, "डोळे पयल्यासारखे नाय." यंदाही तसंच झालं तर कारखाना बंद करायचा, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

आखणीला बसली की ती भाऊजींनी गायलेल्या भजनांची कॅसेट लावते. पण रंगाचा कॉम्प्रेसर सुरू झाला की स्पीकरमधून नुसतं घूंऽऽ! टेपच्या वायरीला शील्डच नव्हतं, म्हणजे बाहेरचा गोंगाट अडवणारी जाळी. म्हणून पेणहून शील्डवाली केबल आणली. दुकानदार म्हणे, "बाण ॲम्प्लिफायरकडे ठेवा हां, साहेब." डोकंच फिरलं माझं. मुद्दाम उलटी लावली. घूं बंद, भजन स्वच्छ!

"बघ, म्हटलं नव्हतं?"

"त्यानं सांगितलंय तर लाव की सरळ," ताई म्हणाली. "तुझं काय जातंय?"

वैतागून सरळ लावली. एक भजन संपलं, दुसरं सुरू व्हायच्या आधी भाऊजींचा आवाज आला — "डावा डोळा वर गेलाय गो."

ताईचा ब्रश थांबला. समोरच्या मूर्तीचा डावा डोळा खरंच सूतभर वर होता.

ती कॅसेट आम्हाला तोंडपाठ आहे हो! त्यात असं वाक्य नाही! केबल फिरवली की नुसतं भजन. सरळ केली की भाऊजी बोलणार, आणि दर मूर्तीला वेगळं. मीटर लावून तपासली, शील्ड दोन्ही टोकांना चोख जोडलेलं, म्हणजे उलट-सुलट कशीही लावा, सारखीच. आयला, धाटावचं विज्ञान जोह्याला लागू नाही की काय?

गेल्या आठवड्यात गेलो, तर केबल उलटी.

"कोणी फिरवली?"

"मीच. आता डोळ्यांना कोण नावं ठेवत नाय. जमतंय मला." ती ब्रश पुसत म्हणाली, "मेल्यावर पण किती राबवायचं रे त्यांना?"

तारेला दिशा नसते, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. तसंच मिटलं. त्या केबलला मी हात लावला नाही.