श्रावणकाकांची पानं

दारव्हा ते नेर काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या श्रावणकाकांना इंग्रजी येत होतं, पण फक्त 'सी-ओ-एन'ने सुरू होणारं. बाजारात फुटाण्यांच्या पुडीला त्यांना इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं एक पान मिळालं. ते वाचून काका तडक फुटाणेवाल्याकडे गेले आणि उरलेली आठ पानं मागून घेऊन आले. बाकीचा शब्दकोश तोवर गिऱ्हाइकांनी फुटाण्यांबरोबर घरी नेला होता.

भरल्याशिवाय जीप निघायची नाही, त्यामुळे शिकवायला त्यांना वेळच वेळ. "कंटेन म्हंजे मावणं," मागे वळून ते सांगत. "सरका जरासे, अजून दोघं कंटेन होतेत." निघताना विचारत, "कन्सेंट म्हंजे संमती. हाय ना सगळ्याइची?" पिशव्या मांडीवर घेतलेल्या बायका एका सुरात "हाय" म्हणत. खिडकीवरून दोघींची जुंपली, की हरलेलीला काका कन्सोल करत आणि लगे हात त्याचाही अर्थ सांगत.

मी कॉलेजला रोज त्याच जीपने जायची. एकदा खोडी काढली, "काका, ब्रिलियंट म्हणजे काय?"

दुसऱ्या कुणी काहीतरी ठोकून दिलं असतं. काका म्हणाले, "थे पान आपल्यापाशी नाही, पोरी. तुले भेटलं त मले सांगजो."

चेहऱ्यावर ओशाळेपणा औषधालाही नव्हता. मला त्यांचा हेवा वाटला. वर्गात 'येत नाही' म्हणण्यापेक्षा मी मान खाली घालून बसायची. अशीच दोन मुलाखतींत गप्प बसून मी घरी परतले होते.

तिसरी मुलाखत एका प्राथमिक शाळेत होती. ही नोकरी मला हवीच होती. मुख्याध्यापक बाईंनी विचारलं, "हेझिटेट म्हणजे काय?" पुन्हा मान खाली जाणार, तेवढ्यात तोंडून निघून गेलं, "मॅडम, ते पान माझ्यापाशी नाही. उद्या शोधून सांगते."

"कोणतं पान?" त्यांनी विचारलं. मग मी फुटाण्यांपासून सगळी हकिकत सांगितली. बाई पोटभर हसल्या. "मुलांसमोरही असंच सांगाल?" मी म्हटलं, "सांगेन."

मुलाखतीत अडलेला शब्द मी त्याच दिवशी परतताना काकांना सांगितला होता. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन जीपजवळ गेले, तर काकांनी आधी विचारलं, "थ्या शब्दाचा अर्थ भेटला काय?"

"कचरणं."

"कचरणं! बाप्पा! मंग थे त तुले पाठ पाह्यजे होतं!" काका इतके हसले, की हातातला पेढा खाली पडला. मग त्यांनी दुसरा घेतला.

यंदा डोळ्यांनी साथ सोडली म्हणून काकांनी जीप विकली आणि ती नऊ पानं माझ्या शाळेत आणून दिली. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलं होतं: 'हेझिटेट – कचरणे. आपल्या पोरीनं सांगितलं. आता थे कचरत नाही.'