कुंडीतली पांढरी बुरशी

डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कुंड्या, ओली माती, असलं काही आहे का?" मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, होटगीची. किडनी बदलल्यापासून सोलापुरात आमच्याकडेच असते. नवी किडनी टिकावी म्हणून ती ज्या गोळ्या घेते, त्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती पार कमी होते. मातीपासून लांब ठेवा, असं दवाखान्यातून सोडतानाच बजावलं होतं. मी कुंड्या गच्चीवर नेल्या. मनी प्लँटची एक तेवढी तिच्या खिडकीत राहू दिली. तिला हवी होती, आणि मला वाटलं, एवढ्याशा कुंडीनं काय होतंय.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. नवं आलं की साठवलेलं शिळं. ते मोरीत ओतायचं जिवावर येतं, म्हणून कुंडीत. माती कधी सुकलीच नाही. एका सकाळी अक्का म्हणाली, "आरं, हितं कापूस पिकलाय की! वेचायला बाया लाव."

मातीवर पांढरी बुरशी होती. मी हसत हसत चमच्यानं खरवडायला लागलो, तिच्या उशाशी, पंखा चालू ठेवून. वरचा थर कोरडा होता, भुकटी उडाली. अक्का खोकली, आणि मी चमचा टाकून पंखा बंद केला.

आठवड्याभरात तिला ताप भरला, धाप लागली. डॉक्टरांपुढे मी खोटं बोललो तेव्हा ती तिथंच पडून होती. तोंडावरचा मास्क बाजूला करून तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "न्हाय ओ डॉक्टर, झाडं-बिडं काय न्हाईत घरात."

मग मी आयसीयूच्या काचेबाहेरून तिची छाती वर-खाली होताना बघत बसायचो. जरा थांबल्यासारखी वाटली की उठून काचेला नाक लावायचो. डॉक्टरांच्या दारापर्यंत जायचो, परत यायचो.

ती घरी आली. छातीच्या फोटोतला डाग अजून आहे. कशाचा ते कळत नाही म्हणतात, औषधं बदलून बघतात. ती खोकली की मी हातातलं तसंच टाकून उठतो. "घाबरतोस कशाला? लगेच जात न्हाय मी," असं म्हणून ती हसते.

डॉक्टरांना खरं सांगायचंय, तेही तिच्यादेखत. आणि माझ्यापायी ती खोटं बोलली, त्याची तिच्याकडं माफी मागायचीय. दोन्ही अजून राहिलंय.